एकावर एक काय ठेवावे?

केंद्रातल्या शाळांच्या एका आढावा बैठकीत आम्ही बसलो होतो. भिंतीवर पडदा आणि पडद्यावर संगणकाने काढलेला रंगीत आलेख. प्रत्येक शाळेसाठी एक उभा स्तंभ, आणि प्रत्येक स्तंभात तीन रंग. तळाशी निळ्या रंगात शाळेचा पट, त्यावर हिरव्या रंगात त्या महिन्याची रोजची सरासरी उपस्थिती, आणि सर्वांत वर नारिंगी रंगात शालेय पोषण आहार घेणाऱ्या मुलांची रोजची सरासरी. शेजारीशेजारी असलेल्या दोन शाळांचे स्तंभ अगदी एकाच उंचीचे आले होते. ‘या दोन्ही सारख्याच आहेत’ एवढे बोलून पुढचे चित्र पडद्यावर आले. आमच्या शेजारी बसलेल्या बाई त्या दोहोंपैकी एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “अहो, माझं एकच पोर यात तीनदा मोजलंय.”

बाईंचे म्हणणे अक्षरशः खरे होते. त्यांच्या शाळेचा पट ४०, उपस्थिती ३८ आणि जेवणारी मुले ३८. तिन्हींची बेरीज ११६. शेजारच्या शाळेचा पट ६०, उपस्थिती ३६ आणि जेवणारी मुले २०. बेरीज पुन्हा ११६! म्हणून दोन्ही मनोरे सारखे. एका शाळेत शंभरातली ९५ मुले रोज येतात, दुसरीत ६०. पण आलेखाने दोघींना एकाच रांगेत उभे केले. आता हे ‘११६’ म्हणजे काय, असे कोणी विचारले तर उत्तर नाही. ती मुलांची संख्या नाही, जेवणाची नाही, कशाचीच नाही.

आज शाळेची माहिती यू-डायस प्लससारख्या व्यवस्थांमधून संगणकावर भरली जाते, आणि वर जाऊन तिचे ‘डॅशबोर्ड’ तयार होतात. हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीवानाच्या पुढे लावलेली फळी म्हणजे डॅशबोर्ड. मोटार आली तेव्हा त्याच जागी वेगाचे, तेलाचे काटे बसले, आणि आता संगणकाच्या पडद्यावर अनेक आलेख एकत्र मांडले की त्यालाही तेच नाव मिळते. या पडद्यांवर फार वेळा दिसणारा एक प्रकार म्हणजे रंगीत तुकडे एकावर एक ठेवून उभा केलेला स्तंभ. तो आपल्याला नवा नाही. शाळेच्या गणितात आपण ‘विभाजित स्तंभालेख’ शिकवतो, तोच हा. संगणकामुळे फरक एवढाच पडला, की पूर्वी पट्टी-पेन्सिल घेऊन काढताना पाचदहा मिनिटे विचार करावा लागे, आता एका बोटाच्या टिचकीने तो उभा राहतो. विचार करण्याची ती पाचदहा मिनिटेही त्यासोबत गेली.

विभाजित स्तंभालेखाचे व्याकरण एका वाक्यात सांगता येते. एका तुकड्यावर दुसरा तुकडा ठेवणे म्हणजे बेरीज करणे. कागदावर आपण अधिकचे चिन्ह काढत नाही, पण बघणाऱ्याचा डोळा ते वाचतोच. तेव्हा आलेख काढण्यापूर्वी स्वतःला विचारायचे, की या राशींची बेरीज आपण फळ्यावर लिहिली असती का? आणि लिहिली असती, तर त्या बेरजेला नाव काय दिले असते? मुले अधिक मुली बरोबर विद्यार्थी, हे नाव सहज सुचते. पट अधिक उपस्थिती अधिक भोजन, याला नाव सुचत नाही, कारण उपस्थित मुले पटातच आहेत आणि जेवणारी मुले उपस्थितांतच आहेत. डब्यात डबा असावा तशा या राशी एकमेकींच्या पोटात आहेत. डब्यात डबा ठेवल्याने डब्याची उंची वाढत नाही.

शेकडेवारीची बेरीज तर त्याहून फसवी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात पुरुषांची साक्षरता ८०.९ टक्के आणि स्त्रियांची ६४.६ टक्के होती. हे दोन तुकडे एकावर एक ठेवले तर मनोरा १४५.५ टक्क्यांचा होतो! देशाची साक्षरता होती ७३.० टक्के. ती या दोन आकड्यांच्या बेरजेतून येत नाही, आणि त्यांच्या साध्या सरासरीतूनही येत नाही, कारण स्त्रियांची व पुरुषांची संख्या सारखी नाही. सरासऱ्यांचेही तेच. पाचवीची सरासरी उंची आणि सहावीची सरासरी उंची कोणी एकावर एक ठेवत नाही, पण पाचवीचे सरासरी गुण आणि सहावीचे सरासरी गुण मात्र ठेवलेले आम्ही पाहिले आहेत. संगणक आक्षेप घेत नाही. त्याच्या दृष्टीने सगळे आकडेच.

मग बाईंच्या शाळेचा आलेख काढायचा कसा? तीन मोजमापे तर दाखवायची आहेतच. उपाय वजाबाकीत आहे. एकात एक असलेल्या राशी सोडवून त्यांचे एकमेकांना न शिवणारे तुकडे करायचे. पटावरचे प्रत्येक मूल त्या दिवशी तीनपैकी एकाच गटात असते: हजर राहून जेवलेले, हजर राहून न जेवलेले, आणि गैरहजर. पटातून उपस्थिती वजा केली की गैरहजर मिळतात, उपस्थितीतून जेवणारी वजा केली की न जेवलेली मिळतात. बाईंच्या शाळेचा स्तंभ आता ३८, ० आणि २ असा होतो; एकूण उंची ४०. शेजारच्या शाळेचा २०, १६ आणि २४ असा. एकूण उंची ६०. मनोऱ्याच्या उंचीला आता नाव आले, ‘पट’. प्रत्येक मूल एकदाच मोजले गेले. आणि मघाशी एकसारख्या दिसणाऱ्या दोन शाळा पडद्याच्या दुसऱ्या टोकावरूनही वेगळ्या ओळखू येतात. आकडे तेच आहेत, एकही नवा गोळा केलेला नाही.

एका डब्यातला दुसरा डबा तसाच दाखवायचा असेल तर आणखी एक मार्ग आहे. तुकडे एकावर एक न ठेवता सगळे एकाच तळापासून मोजायचे, म्हणजे लहान स्तंभ मोठ्याच्या पुढे उभा राहतो. याचे इतिहासातले प्रसिद्ध उदाहरण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे. क्रिमियन युद्धातल्या ब्रिटिश सैन्यातील मृत्यूंची कारणे दाखवणारी त्यांची चक्राकार आकृती १८५८ मधली. एप्रिल १८५४ पासूनच्या दोन वर्षांसाठी दोन चक्रे, प्रत्येक महिन्यासाठी एक पाकळी, आणि पाकळीत तीन रंग: निळा टाळता येण्याजोग्या रोगांसाठी, लाल जखमांसाठी, काळा इतर कारणांसाठी. हे तीन गट एकमेकांना शिवत नाहीत. त्यामुळे नाइटिंगेल यांना ते एकापुढे एक रचताही आले असते. तसे त्यांनी केले नाही. प्रत्येक रंगाचे क्षेत्रफळ चक्राच्या केंद्रापासून मोजायचे, अशी सूचना त्यांनी आकृतीतच छापली. म्हणून काही महिन्यांत दोन रंगांच्या सीमा एकमेकींवर येतात, आणि नोव्हेंबर १८५४ च्या पाकळीत लाल भागावर एक काळी रेघ ओढून इतर कारणांची हद्द दाखवावी लागली आहे. ही सूचना न वाचता पाकळीकडे पाहिले, तर बाहेरचा निळा भाग म्हणजे केवळ वरची कड आहे असे वाटते आणि रोगाने मेलेले सैनिक आहेत त्यापेक्षा कमी मोजले जातात. आकृती एकच, पण ‘एकावर एक’ समजून वाचली तर एक उत्तर आणि ‘एकाच तळापासून’ समजून वाचली तर दुसरे. तेव्हा आपण कोणती रीत वापरली हे आलेखावर लिहिणे, ही काही शिष्टाचाराची बाब नाही.

आता ज्या राशींची बेरीज निःसंशय करता येते, असे एक उदाहरण घेऊ. भारताची ग्रामीण व नागरी लोकसंख्या. प्रत्येक माणूस यांपैकी एकाच ठिकाणी मोजलेला, एकक तेच, आणि बेरजेला नाव आहे. आकडे कोटींत, जवळच्या एका दशांशापर्यंत दिले आहेत.

वर्ष : ग्रामीण, नागरी, एकूण
१९५१ : २९.९, ६.२, ३६.१
१९६१ : ३६.०, ७.९, ४३.९
१९७१ : ४३.९, १०.९, ५४.८
१९८१ : ५२.४, १५.९, ६८.३
१९९१ : ६२.९, २१.८, ८४.६
२००१ : ७४.३, २८.६, १०२.९
२०११ : ८३.४, ३७.७, १२१.१

(१९९१ च्या ओळीत बेरीज ०.१ ने चुकलेली दिसेल. ती छपाईची चूक नाही, प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पूर्णांकित केल्याचा परिणाम आहे. चौकस विद्यार्थी हे हमखास पकडतो, त्याला शाबासकी द्यावी. १९८१ मध्ये आसामात आणि १९९१ मध्ये जम्मू-काश्मिरात जनगणना होऊ शकली नव्हती, तिथले अंदाज या बेरजांत धरलेले आहेत. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झाली नाही, म्हणून तक्ता २०११ पाशी थांबतो.)

आलेखकागदावर १ सेंटिमीटर म्हणजे १० कोटी असे प्रमाण घेतले, तर २०११ चा स्तंभ १२.१ सेंटिमीटरचा होतो आणि वहीच्या पानात सहज मावतो. ग्रामीण तुकडा खाली, नागरी वर, असे सात स्तंभ काढा. उभ्या अक्षाची सुरुवात शून्यापासूनच हवी. रेषालेखात शून्य सोडून दिले तर एकवेळ चालते, स्तंभालेखात नाही, कारण इथे आपण लांबीच वाचतो आणि खालून कापलेली लांबी खोटी असते.

आलेख पुरा झाल्यावर वर्गाला दोन प्रश्न विचारा. पहिला: ग्रामीण लोकसंख्या दर दहा वर्षांनी वाढत गेली का? सगळे हात वर होतील. खालच्या तुकड्यांची टोके पायऱ्यांसारखी चढत गेलेली दिसतात. दुसरा: २००१ ते २०११ या काळात जास्त माणसांची भर कुठे पडली, खेड्यांत की शहरांत? आता तक्ता झाकून ठेवा आणि फक्त चित्राकडे पाहून उत्तर मागा. आमचा अनुभव असा, की वर्ग गोंधळतो. काहीजण खेडी म्हणतात, कारण खालचा तुकडा मोठा आहे. काहीजण शहरे म्हणतात, कारण तसे ऐकलेले असते.

उत्तर असे आहे, की भर जवळजवळ समसमान पडली, दोन्हीकडे ९.१ कोटी. त्याआधीच्या दशकात हे प्रमाण खेड्यांत ११.४ आणि शहरांत ६.८ असे होते. म्हणजे देशाच्या वाढीचा तोल एका दशकात बदलला. तक्त्यातली सर्वांत मोठी बातमी बहुधा हीच, आणि नेमकी तीच आपल्या आलेखात दिसत नाही! आलेख चुकीचा नाही. प्रत्येक तुकडा मिलिमीटरपर्यंत बरोबर काढलेला आहे. अडचण डोळ्याची आहे.

ग्रामीण तुकडे सगळे एकाच जमिनीवर उभे आहेत, त्यामुळे त्यांची तुलना करताना डोळा फक्त टोकाची उंची पाहतो. नागरी तुकडे मात्र अधांतरी आहेत. २००१ चा नागरी तुकडा ७.४ सेंटिमीटरवर सुरू होतो, २०११ चा ८.३ वर. दोन्हींची लांबी तोलायची तर डोळ्याला एक तुकडा मनातल्या मनात उचलून दुसऱ्याशेजारी आणावा लागतो. हे काम डोळा वाईट करतो. किती वाईट, याचे मोजमाप विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांतल्या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना स्तंभालेखातले दोन खुणा केलेले भाग दाखवून लहान भाग मोठ्याच्या किती टक्के आहे, असे विचारले. काही आलेखांत हे भाग एकाच तळरेषेवर होते, काहींत एकावर एक रचलेले आणि तरंगते. तरंगत्या लांबीच्या अंदाजातली चूक तळरेषेवरच्या अंदाजापेक्षा १.४ ते २.५ पट मोठी निघाली. २०१० मध्ये जेफ्री हीअर आणि मायकेल बोस्टॉक यांनी याच धर्तीचा प्रयोग इंटरनेटवरून लोकांना सहभागी करून घेऊन पुन्हा केला. तेव्हाही तळरेषेवरची तुलनाच सरस ठरली.

हा प्रयोग वर्गात करायला एक तास पुरतो आणि खर्च काहीच नाही. एका तावावर दोन पट्ट्या एकाच रेषेवर उभ्या चिकटवा, दुसऱ्या तावावर त्याच लांबीच्या दोन पट्ट्या वेगवेगळ्या उंचीवर, खाली दुसऱ्या रंगाचे तुकडे देऊन. प्रत्येकाने लहान पट्टी मोठीच्या किती टक्के आहे ते चिठ्ठीवर लिहायचे. बोट किंवा पेन्सिल लावून मोजायचे नाही. मग खऱ्या उत्तरापासून प्रत्येकाचा फरक काढायचा आणि दोन तावांच्या फरकांची सरासरी फळ्यावर मांडायची. पट्ट्यांच्या चारपाच जोड्या घेतल्या तर चित्र स्पष्ट होते. दोन्ही तावांवर मुद्दाम तीच जोडी असल्याचे वर्गाला आधी सांगू नये.

यातून आलेख काढणाऱ्याच्या हाती एक चांगले हत्यार येते. विभाजित स्तंभात डोळ्याला दोनच गोष्टी नीट वाचता येतात: सर्वांत खालचा तुकडा आणि मनोऱ्याची एकूण उंची. दोन तुकडे असोत की सात, यात फरक पडत नाही. मधले सगळे तुकडे अंदाजपंचे. तेव्हा ज्या राशीबद्दल आपल्याला बोलायचे आहे ती जमिनीवर ठेवायची. नागरीकरणाविषयीचा पाठ असेल तर नागरी तुकडा खाली घ्या, ग्रामीण वर. तोच तक्ता, तेच रंग, पण आता ६.२ पासून ३७.७ पर्यंत चढणारा जिना लख्ख दिसतो, आणि शेवटची पायरी सर्वांत उंच असल्याचेही दिसते. संगणक मात्र तक्त्यात जो रकाना आधी असेल तो खाली ठेवतो. कोणते रकाने कोणत्या क्रमाने मांडायचे हे त्याला आपणच सांगायचे असते, आणि बहुतेक जण सांगत नाहीत.

मग दोन्हींची वाढ समसमान झाली, हे दाखवायचेच असेल तर? त्यासाठी हा आलेखच बदलावा लागतो. दर दशकातली भर काढून ग्रामीण आणि नागरी भर शेजारीशेजारी उभी करायची, म्हणजे आपला जुना जोडस्तंभालेख. दोघे एकाच जमिनीवर आले की वाद मिटतो. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापारविषयक नकाशासंग्रहात स्कॉटलंडच्या एका वर्षाच्या व्यापाराचा स्तंभालेख आहे, तो याच पद्धतीचा. १७ ठिकाणांशी झालेली आयात आणि निर्यात त्यांनी जोडीजोडीने मांडली, एकापुढे एक जोडली नाही. बेरीज केली असती तर एकूण व्यापार कळला असता, पण देणे जास्त की घेणे जास्त हे लपले असते. गंमत म्हणजे स्कॉटलंडचे अनेक वर्षांचे आकडे मिळाले नाहीत म्हणून नाइलाजाने काढलेला हा आलेख प्लेफेअर यांना स्वतःला कमी उपयोगाचा वाटत होता. आज जगभर सर्वांत जास्त काढला जाणारा आलेख हाच असावा.

आता शतमान स्तंभालेखाकडे वळू. यात प्रत्येक मनोरा १०० टक्क्यांचा, सगळे एकाच उंचीचे. ग्रामीण वाटा १९५१ मध्ये ८२.७ टक्के होता, तो २०११ मध्ये ६८.९ टक्क्यांवर आला. या आलेखाचा एक गुण सहसा सांगितला जात नाही. इथे जमिनीबरोबर छतही सामाईक असते. त्यामुळे सर्वांत वरचा तुकडाही छतापासून खाली मोजता येतो, तो अधांतरी राहत नाही. तुकडे दोनच असतील तर दोन्ही नीट वाचता येतात. किंमत मात्र मोजावी लागते ती एकूण उंचीची. उतरत जाणारा ग्रामीण तुकडा पाहून ‘खेडी रिकामी होत चालली’ असा निष्कर्ष मुले हमखास काढतात. प्रत्यक्षात याच ६० वर्षांत खेड्यांतली माणसे २९.९ कोटींवरून ८३.४ कोटींवर गेली, म्हणजे जवळजवळ २.८ पट झाली! वाटा घटला आणि संख्या वाढली, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात हे समजायला मोठ्या माणसांनाही वेळ लागतो. म्हणून हे दोन आलेख सुटे न देता एकाखाली एक द्यावेत.

इथे डॅशबोर्ड करणारी मंडळी एक सोपी युक्ती योजतात. कोटींचे मनोरे उभे करायचे आणि त्यांच्यावरूनच टक्केवारीची एक रेषा न्यायची. डावीकडच्या अक्षावर कोटी, उजवीकडच्यावर टक्के. एका चित्रात दोन मोजमापे बसतात खरी, पण आम्हाला ही रीत पटत नाही. उजव्या अक्षाचे प्रमाण कोणते घ्यायचे हे काढणाऱ्याच्या मर्जीवर असते. ते ० ते ३५ घेतले तर रेषा मनोऱ्यांच्या डोक्यावरून जाते, ० ते १०० घेतले तर पोटातून. रेषा मनोऱ्याला कुठे छेदते याला काहीच अर्थ नसतो, आणि बघणारा मात्र तिथेच अर्थ शोधतो. तेच आडवे अंतर ठेवून खाली एक बुटका दुसरा आलेख काढला, तर जागा थोडी जास्त लागते एवढेच.

तुकड्यांमधली सीमारेषा कुठून आली, हेही विचारावे. जनगणनेत एखादे गाव कायद्याने नगरपालिका झालेले नसले तरी त्याची लोकसंख्या ५,००० हून कमी नसेल, कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असतील आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे राहत असतील, तर ते नागरी धरले जाते. अशी जनगणना-नगरे २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. म्हणजे नागरी तुकड्याच्या वाढीत काही भाग शहरात राहायला गेलेल्यांचा आहे, काही शहरातच जन्मलेल्यांचा, आणि काही अशा माणसांचा आहे जी जागची हललीच नाहीत, त्यांचे गावच खालच्या रंगातून वरच्या रंगात गेले. मनोऱ्याची एकूण उंची यात बदलत नाही, त्यामुळे आलेखाकडे पाहून हे कळायला मार्ग नाही. आलेखाखाली एक टीप लागते.

संगणकावर हे आलेख करताना ज्या चुका वारंवार होतात त्यांपैकी एक तर इतकी साधी आहे, की ती लक्षातच येत नाही. तक्ता निवडताना ‘एकूण’ हा रकानाही निवडला जातो. मग ग्रामीण, त्यावर नागरी, आणि त्यावर या दोघांची बेरीज पुन्हा एकदा! २०११ चा मनोरा १२१.१ ऐवजी २४२.२ कोटींचा होतो. आकार बेमालूम सुबक दिसतो, कारण प्रत्येक मनोरा बरोबर दुप्पट झालेला असतो. उभ्या अक्षावरचा सर्वांत मोठा आकडा वाचण्याची सवय असली तरच ही चूक सापडते. दुसरी चूक रिकाम्या चौकटींची. ज्या शाळेने माहिती भरलीच नाही तिचा तुकडा शून्य उंचीचा होतो, आणि ‘माहिती नाही’ व ‘एकही नाही’ यांतला फरक पुसला जातो. उणे आकडेही विभाजित स्तंभात ठेवता येत नाहीत. घट दाखवायची तर तुकडा तळरेषेखाली जातो, मग एकूण उंचीला अर्थ उरत नाही.

रंगांबद्दल थोडेच. तीन, फार तर चार तुकडे ठेवावेत. उरलेले ‘इतर’ मध्ये घालावेत. पडद्यावर सुंदर दिसणारे निळे आणि हिरवे तुकडे शाळेच्या काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर एकाच करड्या रंगाचे होतात, म्हणून एक गडद आणि एक फिका घ्यावा. लाल-हिरव्यातला फरक न कळणारा एखादा विद्यार्थी वर्गात असू शकतो, त्याचीही सोय त्यातच होते.

विद्यार्थ्यांना हातांनी करून पाहायला महाराष्ट्राचे आकडे द्यावेत. २००१ मध्ये राज्यात ग्रामीण ५.५८ कोटी आणि नागरी ४.११ कोटी लोक होते, २०११ मध्ये ग्रामीण ६.१६ आणि नागरी ५.०८ कोटी. १ सेंटिमीटर म्हणजे १ कोटी घेऊन दोन मनोरे काढायचे, एकदा ग्रामीण तुकडा खाली ठेवून आणि एकदा नागरी खाली ठेवून. कोणत्या चित्रावरून दशकातली भर कुठे जास्त पडली हे मोजपट्टीशिवाय सांगता येते, ते शेजारच्या विद्यार्थ्याला दाखवून पाहायचे.

त्या बैठकीनंतर बाईंनी दोन्ही शाळांचा आलेख वहीच्या कागदावर पुन्हा काढला. त्यांनी जेवणाऱ्या मुलांचा तुकडा खाली न ठेवता गैरहजर मुलांचा ठेवला. जमिनीवर २ आणि २४ शेजारीशेजारी आले. त्यावर हजर राहून न जेवलेली ० आणि १६, आणि वर जेवलेली ३८ आणि २०. तो कागद शेजारच्या शाळेच्या गुरुजींनी बराच वेळ हातात धरला होता. १६ मुलांवर बोट ठेवून ते म्हणाले, ही वरच्या वस्तीवरची, भाकरी बांधून आणतात. मग २४ वर बोट नेले आणि म्हणाले, यातली निम्मी ऊसतोडीला गेली आहेत, दिवाळीपासून.